बारावं बाळ

ओलुफा आली तेव्हा वारा दाराला खांदा लावून उभा होता.
तिने पाठीने दार लोटलं, मग आणखी एकदा लोटलं,
आणि चुलीपाशी बसून काखेतलं पुडकं सोडलं.
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं झबलं.
मेंढीचा वास. ओल्या गवताचा, थोडा धुराचाही.

"धुतलेलं नाही," म्हणाली, "उगाच धुवायचं नसतं.
धुक्यात टांगायचं रात्रभर, सकाळी झटकायचं.
साबण लागला की लोकर आपलं तेल विसरते."

माझी मुलगी तेव्हा पाच दिवसांची.
अडीच किलो, त्यातलं निम्मं रडणं.
हानुस बोटीवर, नकाशाच्या वरच्या कडेला कुठेतरी,
फोनवर त्याचं एक वाक्य यायचं, एक समुद्र खायचा.
आणि खिडकीबाहेर फेरोतला फेब्रुवारी:
बर्फ धड पडत नाही, पाऊस वरून येत नाही,
आडवा येतो, भिंतीच्या फटी माहीत असल्यासारखा.

माझ्याकडे कपडे होते. कोपनहेगनहून मागवलेले,
मऊ, गुलाबी, हत्तींची रांग छापलेले.
मी तासातासाला तिचे हात चाचपायचे
आणि गार लागले की रडायचे.
ओलुफाने माझं मनगट धरलं.
"हातांवर जाऊ नकोस. हात सगळ्यांचेच गार.
इथे बघ, मानेमागे. बाळ खरं काय ते इथे सांगतं."

झबलं पांढरं होतं,
म्हणजे मेंढीला पांढरी म्हणतो तितपत.
त्यावर रफू, जिथे जिथे विरलं तिथे तिथे,
प्रत्येक घराने आपापल्या मेंढीच्या रंगात केलेलं.
"हा करडा माग्नुसचा. बाही चघळायचा.
आता बोटीचं इंजिन सांभाळतो, अजून काहीतरी चघळतच असतो.
ही काळी गाठ सुन्वाची.
हे दोन जुळ्यांचे, आळीपाळीने घातलं त्यांनी,
ज्याची पाळी नसे तो बोंबलायचा."

अकरा बाळं, ती म्हणाली होती.
मी मोजले. दहा रंग झाले.
डाव्या खांद्यावर एक तपकिरी चौकोन उरला,
नखाएवढा, फार बारीक टाक्यांचा.
त्यावर तिचं बोट आधीच होतं.

"हा माझ्या योआनेसचा.
नऊ दिवस होता."

खोटं कशाला सांगू,
मला ते झबलं परत पुडक्यात घालावंसं वाटलं.
हत्तींची रांग एकदम फार छान दिसायला लागली.
ओलुफा माझ्याकडे बघतही नव्हती.
"सगळ्याच विचारतात," म्हणाली, "तोंडाने नाही विचारत.
त्याचं काळीज जन्मतःच नीट जुळलेलं नव्हतं.
डॉक्टर बोटीने आले, बोटीने गेले.
पण त्या नऊ दिवसांत
तो एकदाही गारठला नाही."

एकदाही, हा शब्द तिने
टाका पक्का करावा तसा ओढून घेतला.
मग म्हणाली, कॉफी उतू जातेय.

मी मुलीला झबलं घातलं.
ती आधी चिडली, लोकर टोचली असेल,
नाक मुरडलं, एक पाय झाडला,
आणि तोंड उघडं ठेवूनच झोपली.

इथे बाळं दुपारी बाहेरच झोपतात,
घराच्या आडोशाला, बाबागाडीत, थंडीत.
पहिल्या दिवशी मी सात वेळा बाहेर गेले.
कुरणातली एक मेंढी कुंपणापाशी येऊन बघत होती,
आपलं काही गेलंय की काय, अशी.
मी मानेमागे बोट घातलं.
कोंबडीखालून नुकतं काढलेलं अंडं.
आत आले. परत गेले. तेच अंडं.

मे महिन्यात झबलं लांडं झालं.
गळ्यापाशी तिने अंगठा घालून घालून भोक पाडलंय.
हानुसच्या जुन्या मोज्याची निळी लोकर उसवून
मी ते बुजवलं. टाका वाकडा आलाय.
असू दे.

वरच्या घरातल्या बिर्नाला जुलैची तारीख दिलीय.
पुडकं घेऊन मीच जाईन.
ती रंग मोजेल, तपकिरीपाशी थांबेल,
तोंडाने काही विचारणार नाही.
मी सांगेन.
मग कॉफी उतू जातेय का ते बघेन.